शेगडी वाहणारी मोटार

रूपरावची मोटार पेटवावी लागे. मूळची ती एका मालगुजार जमीनदाराची शिकारीची गाडी. वर कापडी टप, दारांना बंदुका अडकवायचे आकडे, बाजूला रानात उजेड टाकायचा मोठा दिवा. महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा तिच्या पाठीला माणसाएवढं लोखंडी पिंप बसवलं. त्यात लाकडी कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर गाडी चालवायची. पुढे मालगुजारी गेली आणि गाडी ड्रायव्हर रूपरावकडे आली, पिंपासकट. कोळसा गिरडच्या जंगलात मिळे. पेट्रोल जवळपास कुठे नव्हतं.

बावन्न सालच्या माघात त्याच मोटारीतून मी पद्माला घेऊन माहेराहून, हिंगणघाटाहून, सासरी गिरडला निघाले. पद्मा दोन महिन्यांची होती. तिच्या आधीचा माझा मुलगा सहाव्या दिवशी गेला होता. त्या दिवशी खोलीत शेगडीचा, ओव्याचा धूर कोंडला म्हणून मी खिडकी उघडली होती. त्याला वारं लागलं, असं सगळे म्हणाले. सासूबाई काही म्हणाल्या नाहीत. पण त्यानंतर त्यांनी घरातली खिडकी मला कधी उघडू दिली नाही.

न्यायला त्याच आल्या होत्या. गाडीत बसताच त्यांनी दोन्ही बाजूंचे पडदे सोडून बंद बांधले, पुढच्या आणि मागच्या सीटमध्ये गोधडी लावली आणि पद्माच्या टोपड्याच्या गाठी पुन्हा तपासल्या.

रूपराव पिंपातला कोळसा फुलवायला पंखा फिरवत होता. तो धावत आला. "आजी, पडदे नका बांधू. गॅस साचते अंदर."

"बाळंतीण हाय, रूपराव. तुले काय समजते त्यातलं?"

"बाळंतिणीचं नाई समजत. मोटारीचं समजते."

"जन्मभर आम्ही शेगडी ठेवली खोलीत. कोणाले काही झालं काय?"

"घराले कौलं असतात, आजी. धूर जाते. या पेटीले कौलं हायत काय?"

सासूबाई हसल्या. "वरून कौलं घाल मग तुह्या मोटारीले!"

रूपरावने एक पडदा वर गुंडाळला. तो पुढे जाऊन बसला आणि त्याची पाठ वळताच सासूबाईंनी पडदा पुन्हा खाली घेतला. मी पाहिलं. पण मी कोणत्या तोंडाने बोलणार होते?

समुद्रपूरपर्यंत पद्मा रडत होती. मग गप्प झाली.

"पाहा," सासूबाई म्हणाल्या, "ऊब भेटली तं कशी झोपली."

पुढे चढाला मोटार दमली. रूपराव उतरला, पिंपाचं झाकण उघडून कोळसा टाकू लागला. आम्ही आतच होतो. माझ्या कपाळात घण पडत होते. मला वाटलं, प्रवासाने. सासूबाईंनी डोकं मागे टेकवलं होतं. दूध पाजावं म्हणून मी पद्माला छातीशी घेतलं. तिने तोंड उघडलं नाही. ओठ दुधाला लागून तसेच राहिले. झोपलेलं लेकरूसुद्धा ओठ हलवतं. गेल्या वेळच्या सहा दिवसांत मी तेवढं शिकले होते.

पडद्याची गाठ माझ्या हातापाशी होती. क्षणभर मी त्या गाठीकडे नुसती पाहत राहिले. सोडली आणि पुन्हा काही झालं तर? त्या वेळीही खिडकी उघडणारे माझेच हात होते.

मग मी गाठ सोडली नाही, पडदाच ओढून फाडला. पद्माला घेऊन बाहेर पडले ते गुडघ्यांवर, रस्त्याच्या धुळीत. टोपडं काढलं, दुपटं काढलं. थंडगार वाऱ्यात ते उघडं अंग धरून बसले.

"सूनबाई, वारं!" आतून सासूबाई ओरडल्या. उठायला गेल्या आणि पाय लटपटून पायरीवरच बसल्या.

रूपरावच्या हातातलं फावडं पडलं. "आजी, तिले वाराच पाह्यजे! तुम्हीबी बाहेर या!"

पद्माने एक श्वास घेतला. मग कितीतरी वेळ काही नाही. मग दुसरा. आणि मग ती रडली, आधी बारीक, मग सगळ्या रानाला ऐकू जाईल अशी. आजवर तिच्या रडण्याने माझा जीव कासावीस व्हायचा; त्या दिवशी मी म्हणत होते, रड माय, रड.

तासभर आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो. पुन्हा निघालो तेव्हा गोधडी रूपरावने पुढे स्वतःखाली घातली. माझ्या बाजूला पडदा नव्हताच. दुसरा वर गुंडाळला, पण त्याची दोरी तुटलेली, तो सारखा खाली यायचा. सासूबाईंनी हात वर करून तो धरला. हात भरून आला की दुसरा लावायच्या. गिरडचा दर्गा दिसेपर्यंत त्यांनी तो खाली येऊ दिला नाही.

घरासमोर शेजारच्या वच्छलाबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. पाहताच म्हणाल्या, "अवं माय! ओल्या बाळंतिणीले उघड्या मोटारीत आणलं? कोणी उघडले पडदे?"

मी मान खाली घातली.

"म्या," सासूबाई म्हणाल्या. "काऊन?"

मग त्यांनी माझ्या हातातून पद्माला घेतलं आणि आत जाऊन, लेकरू खांद्यावर धरूनच, खोलीची खिडकी उघडली.