न हलणारा मोर

बारशाच्या दिवशी जोह्याहून टेम्पो आला, आणि त्यातला मोर घरात घेण्यासाठी दाराची दोन्ही पानं बिजागऱ्यांतून काढावी लागली. मोर प्लास्टरचा होता. पाठीवर बाळ निजेल एवढा खळगा, मागे उभारलेला पिसारा, पिसाऱ्यावर निळे-सोनेरी डोळे. दिनानाथच्या रोह्यातल्या कौलारू घरात तो बाहेरच्या खोलीत मधोमध ठेवला, तेव्हा पिसाऱ्याचं टोक पंख्याच्या पात्यांना लागायला लागलं. पंखा बंद केला.

"कसा हाय?" विमलबाईंनी विचारलं.

विमलबाई म्हणजे दिनानाथची थोरली बहीण. आईवडील लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. तिच्या सासरी, पेणजवळच्या जोह्यात, गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता. मोठ्या मूर्तींसाठी तिथे मोराच्या आसनाचा साचा असे. त्याच साच्यातून विमलबाईंनी भावाच्या मुलासाठी पाळणा ओतून घेतला होता. आषाढात कारखान्यात कुणाला पाठ टेकायची सवड नसते. तरी पिसाऱ्यावरचा प्रत्येक डोळा त्यांनी स्वतः आखला होता.

"आमचा गणपती बसतो तिथं तुझा लेक बसंल," त्या भावजयीला म्हणाल्या. "आनखी काय पायजे गो सरू?"

सरूने वर पाहिलं. तुळईतल्या लोखंडी आकड्याला दुसरा पाळणा टांगलेला होता. तिच्या आईने, गिरजाबाईंनी, परसातला फणस पाडून तो करून घेतला होता आणि सकाळच्या गाडीने निडीहून आणला होता. पहिल्या बाळाचा पाळणा आईच्या माहेरून यायचा, अशी रीत.

"त्यो ओट्यावर ठेवा," विमलबाई म्हणाल्या. "दोन दोन कशाला? हितं पाय ठेवायला जागा नाय."

दिनानाथने पाळणा काढून ओट्यावर ठेवला. बाहेर पाऊस तिरका येत होता आणि लाकडाला अजून तेलपाणी झालेलं नव्हतं. गिरजाबाईंनी कुठूनसं एक गोणपाट आणून पाळण्यावर टाकलं.

बारसं सुरू झालं. बाळाला पाळण्याखालून एकीने द्यायचं आणि पलीकडून दुसरीने घ्यायचं असतं. बायका खाली वाकल्या. मोर जमिनीला टेकलेला.

"ह्याच्याखालनं उंदीर पन जायचा नाय," कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला. शेवटी बाळाला पिसाऱ्याला वळसा घालून दिलं. मग पाळण्याची गाणी झाली. चौघी-पाचजणी मोराच्या मानेवर हात ठेवून उभ्या होत्या. गाण्यात झोके होते, मोर मात्र जागचा हलला नाही.

पंगत बसायच्या आधी गिरजाबाईंनी पिशवी उचलली. "निघते गो. पाळना भिजतोय."

"अवो विहीणबाई, जेवून तरी जावा!" विमलबाई मनापासून म्हणाल्या.

"गाडी चुकंल."

गिरजाबाई पाळणा डोक्यावर घेऊन गल्लीतून गेल्या. दार काढलेलं असल्यामुळे सरूला त्या वळणापर्यंत दिसल्या. त्याच वेळी तिने ठरवलं. हा पाळणा परत येईल तेव्हा विमलबाई तो आणतील. स्वतःच्या पायांनी निडीला जातील आणि स्वतःच्या तोंडाने मागतील.

"आक्काचा हेतू चांगला होता," त्या दिवसापासून दिनानाथ म्हणू लागला. शेजारीपाजारीही तेच म्हणत. सरूला त्या वाक्याचा संताप येई. ती धाटावच्या एका रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायची. तिथे माल नापास झाला की नापास. बनवणाऱ्याचा हेतू काय होता, हे विचारायची कुणाला गरज पडत नसे. आणि हा हेतू इतका मोठा होता, की खोलीत त्याच्याशेजारी बाळाची गादीही मावत नव्हती.

बाळ झोळीत निजायचं. मऊ लुगड्याची झोळी त्याच आकड्याला बांधलेली होती. विमलबाईंचा रोज फोन यायचा, "मोरात निजतो ना रे?" आणि दिनानाथ म्हणायचा, "निजतो की!"

रजा संपत आली तसा सरूने आईला फोन केला. "तू आलीस तरच मला कामावर जाता येईल."

"आले असते गो," गिरजाबाई म्हणाल्या. "पन जिथं माझा पाळना भाईर, तिथं मी आत कशी बसू? मोराच्या पाया पडू काय?"

"आणि वन्संनी स्वतः येऊन नेला तर?"

पलीकडे गिरजाबाईंनी कोंबड्यांना हुसकलं. "त्या कशाला येतात?"

"येतील," सरू म्हणाली.

गणपती गेले. जोह्याचे कारखाने निवांत झाले. सरूने विमलबाईंना फोन लावला आणि आवाज जमेल तेवढा गोड केला. "वन्सं, कंपनीत माझी सकाळची पाळी सुरू होतेय. बाळाकडे आठवडाभर याल? तुमच्या हातांनी, तुमच्या मोरात निजेल."

विमलबाई इतक्या खूश झाल्या की पापडांची पिशवी घेऊन दुसऱ्याच दिवशी हजर झाल्या.

त्याआधी सरूने पाना घेऊन तुळईतल्या आकड्याचा नट सोडवला. आकडा तिने डब्याच्या पिशवीत टाकला. घरातली जुनी मऊ लुगडी बोचक्यात बांधून शेजारच्या आमनाभाभींकडे ठेवली. मोराच्या खळग्यात तिने रेक्झिन अंथरलं, त्यावर दुहेरी गोधडी, कडांनाही कापड लावलं. रंगाचा कणही बाळाच्या अंगाला लागू नये अशी व्यवस्था केली. सूड बाळावर नव्हता.

"आकडा कुठं नेतेस?" दिनानाथने विचारलं.

"कंपनीत."

"कशाला?"

"तपासायला."

"आक्काला कळलं तर?"

"कळायलाच हवंय."

पाळणा म्हणजे एक लंबक. दोरी जेवढी लांब तेवढा झोका संथ, आणि बाळाला तो संथपणाच हवा असतो. मोर म्हणजे चौथरा. चौथऱ्यावर कुणाचं बाळ निजतं?

पहिल्या दिवशी सरू कामावरून परतली, तेव्हा विमलबाई बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होत्या. अंबाडा सुटलेला, गालाला मोराची सोनेरी भुकटी.

"दूध प्याला, शी केली, समदं केलं. निजला तेवढा नाय."

"मोरात ठेवलंत?"

"ठेवला की. पाठ टेकली का भोकाड."

"लागेल सवय," सरू म्हणाली आणि चहा टाकायला गेली. बाळाला तिने तासाभराने का होईना स्वतःच्या मांडीवर झोपवलं, पण तोवर विमलबाईंना उसंत दिली नाही.

दुसऱ्या दिवशी वास सुटला. रेक्झिनच्या कडेवरून मूत खळग्यात उतरलं होतं. प्लास्टर ओल शोषून घेतं आणि सहजी सोडत नाही. त्यात पंखा बंद. विमलबाई ओल्या फडक्याने पुसत होत्या आणि फडक्यावर निळा रंग उतरत होता.

आमनाभाभींनी खिडकीतून डोकावून पाहिलं. "विमलबाय, मोर नाचत नाय काय?"

"नाचंल, नाचंल."

"पोरगा मातुर नाचवतोय तुमाला!"

"तुज्या घरचं दूध उतू गेलं, ते बघ आदी," विमलबाई म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मोराला दोन्ही हातांनी धरून हलवायचा प्रयत्न केला. बुडाची एक कड तेवढी तुटली. सरू आली तेव्हा त्या तो तुकडा हातात घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाळ रडत होतं. दिनानाथ ताटावर बसला होता आणि जेवत नव्हता.

"एखादं जुनं लुगडं दे गो," विमलबाई म्हणाल्या. "झोळी बांधते."

"कशाला बांधणार, वन्सं?"

विमलबाईंनी वर पाहिलं. तुळईला भोक होतं, आणि भोकाभोवतीचं लाकूड बाकीच्यापेक्षा उजळ. सगळं आयुष्य साचे आणि सांधे बघण्यात गेलेली बाई ती. तिला फार वेळ लागला नाही.

"आकडा काडलास."

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. पण माझा हेतू चांगला होता."

दिनानाथला ठसका लागला. पाणी कुणीच दिलं नाही.

"दिना," विमलबाई सरूवरची नजर न काढता म्हणाल्या, "बाजारातनं एक पाळना आन."

"बाजारातला कशाला?" सरू म्हणाली. "फणसाचा आहे. नवा कोरा. निडीला."

"मग जा, घेऊन ये."

"मी नाही. ज्यांनी बाहेर ठेवायला सांगितला त्यांनी जायचं."

विमलबाई उठल्या आणि बाळाला घेऊन ओट्यावर गेल्या. अंधार पडेपर्यंत त्या आत आल्या नाहीत. आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "रईवारी जाऊ."

रविवारी सरूही बाळाला घेऊन निघाली. तिला काही मागायचं नव्हतं. तिला ऐकायचं होतं.

निडीच्या घराच्या पडवीत पाळणा टांगलेला होता आणि त्यात शेजारच्या मालूची पोर निजली होती. रिकामा पाळणा टांगू नये, म्हणून गिरजाबाई तिला रोज आणून ठेवत. त्या खाली बसून तांदूळ निवडत होत्या. सूप त्यांनी बाजूला ठेवलं नाही.

"या विहीणबाई. हळू बोला, पोर निजलीय."

"पाळना न्यायला आले," विमलबाई हळू म्हणाल्या.

"कंचा?"

"ह्यो."

"ह्यो तर ओट्यावरचा."

विमलबाईंचा चेहरा तांबडा झाला. "व्हय. ओट्यावरचा."

"कुनी ठेवला व्हता ओट्यावर?"

विमलबाईंनी सरूकडे पाहिलं. सरू बाळाचं टोपरं नीट करत होती.

"मीच."

"मोठ्यानं बोला. मला कमी ऐकू येतं."

"आत्ता हळू बोला म्हनालात नव्हं!"

"त्ये पोरीसाठी. ह्ये माझ्यासाठी."

"मी ठेवला व्हता!" विमलबाई ओरडल्या. "चुकलं माझं! झालं?" समोरच्या अंगणात वाळवण घालणाऱ्या दोन बायकांनी माना वळवल्या. पाळण्यातली पोर दचकून उठली आणि रडायला लागली.

"उठवलीत? आता तुमीच झोका द्या."

विमलबाई सारवलेल्या जमिनीवर बसल्या आणि दोरी हातात घेतली. पाळणा गेला, आला. पोर हुंदके देत राहिली, मग हुंदके लांबले, मग थांबले. विमलबाई दोरी ओढायची विसरून बघत राहिल्या. "इतक्यात?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

सरूला बरं वाटलं. गेल्या कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं इतकं.

गिरजाबाईंनी तांदळातला खडा अंगणात फेकला. "पाळना देते. मी बी येते. पन त्या मोरासमोर मी बसायची नाय. आदी त्यो काडा."

"काडायचा म्हंजे परत दार काडावं लागंल, टेम्पो आनावा लागंल, मानसं..."

"मग फोडा," गिरजाबाई म्हणाल्या.

हे सरूने योजलेलं नव्हतं. हे आईचं स्वतःचं होतं. तिने आईकडे पाहिलं, तेव्हा आई पुन्हा सुपात बघत होती.

दुपारच्या गाडीने दोघी रोह्याला परतल्या. दिनानाथ सरूच्या हातातली हातोडी बघून काहीतरी आणायचं निमित्त काढून बाहेर पडला. विमलबाईंनी धुळीमुळे बाळाला आमनाभाभींकडे दिलं.

"मी फोडू का?" सरूने विचारलं आणि हातोडी मात्र त्यांच्यापुढे धरली.

"तुला जमायचं नाय."

विमलबाईंनी मोरावर पाणी मारलं, धूळ उडू नये म्हणून. बोटांच्या पेरांनी ठोकत सांधा कुठे आहे ते पाहिलं. पहिला घाव मानेवर घातला. मान एका घावात सुटली. आतला काथ्या दिसला. मग पंख, मग पिसारा. सरू समोरच्या भिंतीला टेकून उभी होती. तिला एक थेंब पाहायचा होता. आई वळणापर्यंत गेली तेव्हा तिच्या स्वतःच्या डोळ्यांत आलेला तसा, एकच.

"वाईट वाटत असेल ना, वन्सं?"

"माल फुटतो गो. आमच्याकडं रोज फुटतो." विमलबाईंनी पिसाऱ्याचा एक तुकडा उजेडात धरला. "ह्यो डोळा वाकडा झालाय. लाइट गेली व्हती त्या येळी." तो तुकडा त्यांनी बाकीच्यांवर टाकला आणि पुढचा घाव घातला.

त्यांचं तोंड पांढरं झालं होतं, पण प्लास्टरने. सरूने नीट निरखून पाहिलं. डोळे कोरडे होते.

खोली रिकामी झाली. ढीग ओट्यावर गेला. विमलबाईंनी हातपाय धुतले, केस बांधले आणि पंखा लावून त्याखाली क्षणभर उभ्या राहिल्या.

"संध्याकाळच्या गाडीनं जाते. विहीणबाईंना घेऊन येते."

"पाळणासुद्धा."

"पाळनासुद्धा. स्टेशनावर दिनाला रिक्षा घेऊन पाठव."

"रिक्षा नको," सरू म्हणाली. "डोक्यावरून आणा. गल्लीतून."

विमलबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "अजून ऱ्हायलंय व्हय तुझं?"

"हो. थोडं."

विमलबाईंनी पदर खोचला. "मग चुंबळीला फडकं तरी दे."

सरू आतल्या खोलीत गेली आणि त्यातल्या त्यात जाडंभरडं फडकं शोधून घेऊन आली.