पेणची सुई आणि मी

मी मुंगूस बोलतोय. जवळ येऊ नका, तिथूनच ऐका. तुमच्या हातात काय आहे ते मला अजून दिसलेलं नाही.

रागावू नका. आमची जातच अशी. बिळातून बाहेर पडताना आम्ही आधी नाक काढतो, मग एक डोळा, आणि मन बिळातच ठेवून बाकीचं अंग बाहेर आणतो. ज्या मुंगसाने संशय घेतला नाही, ते आपली गोष्ट सांगायला उरत नाही.

माझा जन्म रोह्याजवळच्या एका भातशेताच्या बांधात झाला. भात कापणी चालली होती. बांध फुटला, आई पळाली आणि मी मागे राहिलो. जानी नावाच्या कातकरी बाईने मला उचललं आणि पदराच्या गाठीत बांधलं. तिने मला उंदराची कोवळी पिल्लं भरवली. तीही कशासाठी भरवते आहे, याचा मला संशय होताच.

रोह्याला लागूनच्या अष्टमी गावात, पुलाच्या अलीकडे एका चाळवजा घरात हौसा राहायची. तिचा नवरा रघू धाटावला कंपनीत होता. कधी पहिली शिफ्ट, कधी तिसरी. हौसाचं पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. तेव्हापासून ती दुपारभर मागच्या पायरीवर नुसती बसून असायची. मोळी घेऊन येणाऱ्या जानीने ते पाहिलं, आणि एक दिवस मला तिच्या ओटीत टाकलं.

"घे गो बाय. लाकडात जनावर शिरतं म्हणतेस ना? ह्यो राखंल."

माझ्या अंगावरचे करडे-पांढरे ठिपके बघून हौसाने माझं नाव खसखशा ठेवलं. तिच्या हाताला कांद्याचा आणि चुलीच्या राखेचा वास यायचा. पाच वर्षांत त्या हाताने मला एकदाही फसवलं नाही. जगात एवढ्या एकाच वासावर मी संशय घेत नसे.

दोन वर्षांनी घरात आणखी एक वास आला. मिठाचा. रघूचा बाप महिपती. पेणकडच्या खाडीत त्याने जन्मभर मिठागरावर काम केलेलं. त्याचे तळपाय मिठाने चिरून लाकडासारखे झाले होते. बायको वारली तेव्हा तो मुलाकडे राहायला आला. पहिल्याच दिवशी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्या जातीनं माझी सात पिल्लं खाल्ली. कोंबडीची."

मी त्याची पिल्लं खाल्ली नव्हती. पण खाल्ली असती, हेही खरं. त्या दिवसापासून तो माझ्यावर डोळा ठेवून असे आणि मी त्याच्यावर.

सत्त्याण्णवच्या संक्रांतीनंतर माझ्या गळ्याखाली गाठ आली. आधी चवळीच्या दाण्याएवढी, मग सुपारीएवढी. महिपतीने हळद आणि चुना कालवून तिच्यावर थापला. असं झोंबलं की मी दिवसभर लाकडांखालून बाहेर आलो नाही. हा म्हातारा माझा जीव घेणार, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

हौसाने मला झाकणाच्या करंडीत घातलं आणि पेणला नेलं. तिथे डॉक्टर टिपणीस म्हणून जनावरांचे डॉक्टर होते. त्यांनी मला गुंगी देऊन गाठीचा तुकडा काढला आणि मुंबईला तपासायला पाठवला. दहा दिवसांनी पुन्हा बोलावलं. रघूची पहिली शिफ्ट होती, म्हणून हौसाबरोबर महिपती आला.

डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला.

"गाठीचा कॅन्सर आहे. एक औषध आहे. कुत्र्यांना दिलंय मी. मुंगसाला आजवर दिलेलं नाही, ते आधीच सांगतो. आठवड्याला एक सुई, अशा आठ. आणि रोज एक गोळीचा तुकडा."

"बरा व्हईल?" हौसाने विचारलं. तिचा हात करंडीत, माझ्या पाठीवर होता.

"काही दिवस नक्की मिळतील. किती, ते सांगता येत नाही. आणि नीट ऐका. हे औषध म्हणजे एक प्रकारचं विषच आहे. गाठीला मारतं, पण बाकी अंगालाही सोडत नाही. सुईनंतर चार दिवस याची घाण उघड्या हाताने काढायची नाही. घरात कोणी गरोदर असेल तर तिने पिंजऱ्याजवळ फिरकायचंसुद्धा नाही. आहे का कोणी?"

"नाय," हौसा पटकन म्हणाली.

आणि तिने माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला.

विषाची मला ओळख आहे. त्यासाठीच मला पाळलं होतं. तो माणूस चारचौघांत विष म्हणाला, तरी कोणी त्याला अडवलं नाही. जिच्यावर माझा भरवसा, ती मागे सरकत दारापर्यंत गेली. डॉक्टरांनी माझा पाय धरला आणि लहान मुलांची असते तसली बारीक सुई शिरेत घातली. मी हौसाकडे बघत होतो. ती खाली बघत होती. महिपती तिच्याकडे बघत होता.

स्टँडवर त्याने करंडी मागितली. "दे इकडं."

"राहू द्या मामा, मी धरते." सासऱ्याला ती मामा म्हणायची.

"दे म्हणतो ना."

तिने दिली. पाच वर्षांत पहिल्यांदा तिने मला दुसऱ्याच्या हातात दिलं, आणि तेही त्याच्या.

घरी आल्यावर माझा पिंजरा स्वयंपाकघरातून मागच्या पडवीत गेला. हौसा तिकडे यायचीच बंद झाली. खिडकीच्या गजाआडून हाक मारायची, "खसखशा, जेवलास का रे?" आवाज तिचाच होता, पण वास येत नव्हता. वासाशिवाय आवाज म्हणजे फसवणूक. मी पाठ फिरवून बसू लागलो. मला पक्कं कळलं होतं की तिने मला म्हाताऱ्याच्या हवाली केलं आहे, आणि दोघं मिळून मला थोडं थोडं विष देत आहेत.

सगळं माझ्या संशयाला धरूनच घडत होतं. मला उलट्या झाल्या. मिशा गळल्या, मिशांशिवाय मुंगूस म्हणजे काठीशिवाय आंधळा. महिपती कंपनीतले लांब रबरी हातमोजे घालून यायचा, पिंजऱ्यात घाणीसाठी पसरलेली राख काढायचा, परसात खड्डा खणून पुरायचा. मी फुगून गुरगुरत असे. तो आपलं काम उरकून जात असे.

गोळी तो अंड्यात घालून द्यायचा. तिचा कडू वास मला कवचाबाहेरूनच यायचा. मी अंडं पायाने ढकलून देत असे. तीन दिवस मी काही खाल्लं नाही. चौथ्या दिवशी तो सकाळच्या गाडीने कुठेतरी गेला आणि दुपारी चिखलाने भरलेले पाय घेऊन परतला. रुमालात निवटे होते, खाडीच्या चिखलात उड्या मारतात ते मासे. पेणपलीकडच्या आपल्या जुन्या खाडीत उतरून त्याने ते हाताने धरले होते. वासाने मला वेड लागलं. संशय होता, तरी मी एक निवटा खाल्ला. गोळी निवट्याच्या पोटात होती, हे मला गिळून झाल्यावर कळलं.

महिपती पहिल्यांदा हसला. "चोराला चोरानंच धरावं."

दर शनिवारी आम्ही रोह्याहून नागोठणे, वडखळ करत पेणला जायचो. एकदा कंडक्टरने करंडीवर टिचकी मारली.

"आजोबा, काय हाय आत?"

"कोंबडा."

मी आतून गुरगुरलो.

"कोंबडा असा बोलतो व्हय?"

"आजारी हाय. घसा बसलाय."

मागच्या बाकावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. कंडक्टरने झाकणाच्या फटीतून पाहिलं, माझा लाल डोळा पाहिला, आणि तिकिटाची पेटी सावरत पुढे गेला.

चौथ्या सुईच्या वेळी मी महिपतीला चावलो. डॉक्टरांकडे झाकण उघडताच त्याचा अंगठा समोर आला आणि मी दात हाडापर्यंत रोवले. रक्त टेबलावर सांडलं. त्याने हात झटकला नाही. झटकला असता तर मी भिंतीवर आपटून मेलो असतो. तो तसाच उभा राहिला, मी सोडेपर्यंत.

"आज दोघांना सुई," डॉक्टर म्हणाले आणि त्याचा अंगठा धुऊ लागले.

त्या संध्याकाळी रघू दुसऱ्या शिफ्टला गेला नव्हता, घरी होता. बापाच्या हाताची पट्टी बघून तो भडकला.

"बाबा, बस झालं आता. रानात सोडा त्याला. शेजारी बोलतात, कॅन्सर उडून लागतो. आणि तुमचा तर त्याच्यावर कधी जीव पण नव्हता."

"लागत नाय. डॉक्टर बोललेत. लागलं तर औषध लागंल."

"मग कशापायी करताय?"

महिपती पडवीच्या पायरीवर बसला होता, माझ्याकडे पाठ करून. "मी नाय केलं तर ती करंल. तू कामावर, मी झोपलेला, आणि ही चोरून पिंजऱ्यात हात घालंल. मला ठाव हाय तिचा स्वभाव."

"घालू दे की."

"अरे येड्या, तिला दिवस गेलेत."

मग आतून हौसाचं रडणं ऐकू आलं. "कुणाला सांगितलं नव्हतं, मामा. पुन्हा तसंच झालं तर, म्हणून."

"तू डॉक्टरकडं हात काढलास तेव्हाच मला समजलं, गो. मी आल्यापासून तू तो हात कधी काढला नव्हतास."

मी पिंजऱ्यात बसून ऐकत होतो. हात काढण्याचा दुसराही अर्थ असतो, हे मुंगसाला कोण शिकवणार? मी जिला फितूर समजत होतो, ती पोटातल्या जिवासाठी माझ्यापासून लांब राहत होती. ज्याला मारेकरी समजत होतो, तो तिच्या वाटणीचं काम करत होता. आणि औषध खरोखरच विष होतं, हा माझा अंदाज तेवढा बरोबर निघाला.

असं कळलं म्हणून माझा संशय गेला, असं समजू नका. पुढच्या शनिवारीही मी फुगलो, गुरगुरलो. फक्त चावलो नाही.

आठ सुया झाल्या. गाठ विरघळली. मिशा पुन्हा फुटल्या, पण आखूड आणि वाकड्या. आषाढात हौसा बाळंतपणाला माहेरी गेली. जाताना ती खिडकीतून खूप वेळ बोलली. मी पाठ फिरवली नाही.

तिला मुलगी झाली. मार्गशीर्षात ती बाळाला घेऊन परत आली आणि पिशव्या खाली ठेवायच्या आधी मागच्या पडवीत आली. औषध केव्हाच थांबलं होतं, आता भीती नव्हती. पायरीवर बसून तिने हात पुढे केला.

"खसखशा, ये."

मी वास घेतला. कांदा नाही, राख नाही. दूध, वेखंड, धुरी, एक कोवळा अनोळखी घाम. तीच होती, आणि ती नव्हती. मी दोन पावलं पुढे गेलो. थांबलो. मग वळून महिपतीच्या चिरलेल्या तळपायांमागे जाऊन बसलो.

हौसाचा हात तसाच राहिला. डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसली.

"मामा, तो तुमचा झाला."

"छट्. मला काय करायचाय तो," महिपती म्हणाला. पण पाय हलवला नाही.

त्याला आता महिना झाला. हौसाकडे मी रोज थोडा थोडा जवळ जातो. काल तिच्या पदरापर्यंत गेलो. तिला घाई नाही, हे तिचं चांगलं आहे.

तुम्ही कोणी जनावर पाळत असाल तर एवढं ऐका. आम्हाला तुमचे कागद वाचता येत नाहीत. आम्हाला फक्त हात कळतो, पुढे आलेला आणि मागे गेलेला. तेव्हा दुखणं लांबलं, आणि आम्ही तुमच्यावर दात काढले, तर ते कृतघ्नपणाने काढले असं मानू नका. रोज त्याच वेळी या, तोच वास घेऊन या. बाकीचं आम्ही आमच्या गतीने समजून घेतो.

रोज संध्याकाळी महिपती अंगठ्याने माझा गळा चाचपतो. अंगठ्यावर माझ्या दातांची खूण आहे. आज तो अंगठा डाव्या बाजूला थांबला. पुढे गेला, आणि पुन्हा तिथेच आला. चवळीच्या दाण्याएवढं काहीतरी आहे. मला ते चार दिवसांपासून माहीत आहे.

त्याने हौसाला काही सांगितलं नाही. माझ्या कानाशी वाकून एवढंच म्हणाला, "शनवारी पेणला जाव. तू हो बोललास तरच."

डॉक्टर काय करतील, या वेळी सुया किती लागतील, लागू पडतील की नाही, कशाचाच मला भरवसा वाटत नाही. पण म्हातारा सोबत असेल. मी जाईन. संशय घेऊनच जाईन, पण जाईन.