दुकानापासून पंचाहत्तर मीटर

दार उघडलं तर समोर दोघं उभी होती. पुढे मोटरसायकलवरून सामान पोचवणारी बाई, हेल्मेट काखेत. आणि तिच्यामागे माझी कॉफी-गुळाची पिशवी हातात धरून डॉन बेलिसारियो. कोपऱ्यावरच्या दुकानाचे मालक; 'डॉन' आम्ही मानाने म्हणतो.

"हेच ते घर," ते तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पत्त्यात माझंच दुकान लिहिलंय, शेजारी. 'एल हिल्गेरो दुकानापासून पंचाहत्तर मीटर पूर्वेला.' ही बिचारी पिशवी घेऊन माझ्याच दारात येऊन उभी."

मी पिशवी घेतली. ती दोघं गेल्यावरही मी बराच वेळ दाराला हात लावून उभा होतो.

आमच्या सान होसे शहरात घरांना नंबर नाहीत. कुणाचा पत्ता चर्चपासून मोजतात, कुणाचा तीस वर्षांपूर्वी तोडलेल्या उंबरापासून. आमच्या चार गल्ल्या डॉन बेलिसारियोंच्या दुकानापासून मोजल्या जात. विजेची बिलं, लग्नपत्रिका, सगळ्यांवर त्यांचं दुकान. एक्केचाळीस वर्षं ते तिथे एकच अंडं, पाव वडी लोणी, अर्धी ढेप गूळ असं मागेल तेवढं देत आले. कुणाला काय चालतं, काय सोसत नाही, हे त्यांना ठाऊक असे.

मी दर मंगळवारी अर्धी ढेप घेई. ती कापताना ते माझ्या पुस्तकाबद्दल विचारत, "आज कितव्या पानावर?" मी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य घालवलेला माणूस, एवढ्याशा प्रश्नाचंही उत्तर वाटेत जुळवून जात असे. भाचीने फोनमध्ये ते ॲप घालून दिलं आणि माझी त्यातून सुटका झाली. बोट लावलं की सामान दारात, कुणी काही विचारत नाही. भाचीला मी गुडघ्यांचं कारण सांगितलं होतं. गुडघे माझे ठीक आहेत.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. कालचीच बाई, योर्लेनी तिचं नाव, दुकानासमोर मोटरसायकल लावून पत्ता विचारत होती.

"गुलाबी भिंत," डॉन बेलिसारियो सांगत होते. "कुत्रा भुंकेल, चावत नाही. काय मागवलंय बाईंनी?"

"तांदूळ. साबण."

"निळा साबण? त्याने त्यांच्या हातांना खाज सुटते. सांगा त्यांना."

"मी कशाला सांगू? मी नुसती आणते." ती हसली. "तुम्हालाच या फोनमध्ये बसवायला हवं, डॉन."

"आत स्टूल आहे का?"

ती गेली. मी माफीचं वाक्य नीट पाठ करून आलो होतो. तोंडातून निघालं, "एकशे बारा."

त्यांनी मान वर केली. "जाडं दिसतंय पुस्तक. कॉफी कशी निघाली?"

"बरी होती."

"मी दळतो ती जास्त बरी असते." त्यांनी ढेप घेतली, सुरीच्या एका दाबात सरळ दोन भाग केले. एक माझ्यासाठी बांधला. दुसरा फळीवर ठेवला. "हा पुढच्या मंगळवारचा. चार लोक तरी येत राहिले पाहिजेत हो, नाहीतर वर्ष निघायचं नाही."

मी येईन म्हणालो, आणि एकही मंगळवार चुकवला नाही. पण दुकानासमोर थांबणाऱ्या मोटरसायकली वाढत गेल्या आणि आत येणारी माणसं कमी होत गेली. डॉन बेलिसारियो प्रत्येकाला वाट दाखवत राहिले.

नोव्हेंबरात त्यांनी दुकान बंद केलं. पाटी स्वतः उतरवली; शिडी मी धरली होती.

"आता पत्ते बदला म्हणावं सगळ्यांना," ते वरून म्हणाले.

"कशापासून मोजायचं मग?"

ते खिळे काढत राहिले.

शेजाऱ्यांनी पत्त्यात 'पूर्वीच्या दुकानापासून' असं लिहायला सुरुवात केली. आमच्याकडे ते रीतीलाच धरून आहे. पुढे मलाही गूळ मागवावा लागला, तेव्हा ॲपने विचारलं, पत्ता हाच आहे का? 'पूर्वीच्या' एवढाच शब्द घालायचा होता. दुसऱ्यांच्या चुका मी चाळीस वर्षं दुरुस्त केल्या, पण तो शब्द काही घालता येईना. मी 'हो' दाबलं आणि खिडकीत जाऊन बसलो.

या वेळी योर्लेनी नव्हती. कुणी नवा, पोक्त माणूस होता. तो बंद शटरसमोर थांबला. फोनकडे बघितलं, भिंतीतल्या खिळ्यांच्या चार भोकांकडे बघितलं. गल्ली शांत होती, तिथलं बोलणं माझ्यापर्यंत येत होतं. शटरशेजारची छोटी खिडकी उघडल्याचं मला ऐकू आलं; डॉन बेलिसारियो दुकानामागेच राहतात.

"पंचाहत्तर मीटर पूर्वेला. हिरवं दार. हळू ठोठावा, ते वाचत बसलेले असतात." मग जरा थांबून, "काय मागवलंय त्यांनी?"

"गूळ."

"केवढा?"

"अख्खी ढेप. अर्धी कुठे मिळते?"

खिडकी लागली.

त्या माणसाने खरोखरच हळू ठोठावलं. ढेप घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो आणि सुरी चालवली. माझा काप वाकडा गेला. त्यातल्या त्यात मोठा तुकडा कागदात बांधला, दार ओढून घेतलं आणि पश्चिमेकडे निघालो. दोनशे चार, दोनशे चार, असं वाटेत मनाशी म्हणत होतो.