इंजिन निवेपर्यंत

प्लग बदलायचे तर आधी इंजिन निवू द्यायचं, हा मिस्त्रींचा नियम. गिऱ्हाइकाने कितीही घाई करावी, मिस्त्री ढिम्म. आज आल्या होत्या त्या घरोघर जाऊन रुग्ण बघणाऱ्या नर्सबाई. गाडी सुरू होताना कुरकुरते, चढावर आचके देते, पेट्रोल तर नुसतं ढोसते. प्लग शेवटचे कधी बदलले, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "बदलतात का ते?" मिस्त्रींनी नुसतं बघितलं. उत्तर द्यायचासुद्धा कंटाळा आला होता. हल्ली त्यांना सगळ्याचाच कंटाळा यायचा. छत्तीस वर्षं बॉनेटखाली वाकून पाठीचा भुगा झाला होता आणि गेल्या सहा महिन्यांपासून हात बधिर पडत होते. दमणुकीने होत असेल, असं स्वतःला सांगून त्यांनी ते घरीदारी कुणालाच कळू दिलं नव्हतं.

वीस मिनिटांनी त्यांनी इंजिनच्या हेडवर तळहात टेकवला. "निवलं," म्हणाले आणि पाना लावला.

पहिला प्लग रडतखडत निघाला. टोक काळंकुट्ट, फट केवढी तरी वाढलेली. दुसऱ्याने जास्तच अंत पाहिला. तिसरा हलेचना. मिस्त्रींनी पान्यावर अंगाचा भार टाकला, तसा पलीकडे काम करणारा धाकटा भाऊ उठून आला. "थांब, मी धरतो," म्हणत त्याने हेडला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"दादा, अरे चटका बसतोय!"

मिस्त्रींनी आपला तळहात उलटून बघितला. लाल चट्टा उठला होता आणि दुखत काहीच नव्हतं. गरम हेडमधून प्लग ओढला की आटे सोलून निघतात, मग अख्खं हेड उतरवायची पाळी येते. हे धाकट्याला त्यांनीच शिकवलं होतं, तेही टपल्या मारमारून.

नर्सबाई बाकावरून उठल्या. त्यांनी मिस्त्रींचा हात हातात घेतला.

"हे कळतंय?"

"काय?"

"नखाने टोचतेय मी." बाईंचा आवाज उतरला. "साखर तपासली का कधी?"

"तपासतात का ती?" मिस्त्री हसायला गेले, पण हसू काही जमलं नाही.

"मघाशी तुम्ही माझ्याकडे जसं बघितलंत ना, तसं आता मी बघतेय तुमच्याकडे."

मग इंजिन खरोखर निवेपर्यंत तिघंही थांबले. निवल्यावर उरलेले दोन्ही प्लग मुकाट निघाले.

नवा प्लग आधी बोटांनीच फिरवायचा. आटे नीट धरले की बोटांना कळतं, तिरके गेले तरी बोटांनाच कळतं. पाना मेला काहीही रेटून नेतो. मिस्त्रींनी प्लग भोकात सोडला आणि फिरवला. सरळ जातोय की तिरका, काही समजेना. पुन्हा फिरवला. त्यांना भीती वाटली.

"मला कळत नाही रे," ते म्हणाले.

धाकट्याने हात पुढे केला. बावीस वर्षं दोघं एका छपराखाली राबत होते, पण प्लग बसवायचं काम मिस्त्रींनी त्याला एकदाही दिलं नव्हतं.

"काय लागतंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"अडतोय."

"उलटा फिरव. टक् लागलं की थांब."

"लागलं."

"आता सरळ."

"अरे वा, अलगद चाललाय."

"टेकला की पान्याने अर्धा फेरा. उगाच पैलवानी नको."

चारही प्लग बसले. बाईंनी गाडी सुरू केली. सवयीने मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला, मग काढून घेतला आणि डोळे मिटून ऐकत राहिले. आवाज एकसारखा होता.

"बसा," बाईंनी बाजूचं दार उघडलं. "दवाखान्यावरूनच जायचंय मला."

मिस्त्रींनी गॅरेजकडे बघितलं. दोन गाड्या अजून उघड्या पडल्या होत्या.

"जा दादा," हात पुसत धाकटा म्हणाला. "मी आहे ना इथे."

हे वाक्य कधीतरी ऐकावं लागणार, हे मिस्त्रींना ठाऊक होतं. ते इतक्या मायेने कानावर पडेल, असं मात्र वाटलं नव्हतं. ते गाडीत बसले.