क्लॅरिनेटखालचा षड्ज

भाऊजींनी मेहुणीचं ‘मोजपट्टी’ असं बारसं केलं, त्याला अकरा वर्षं झाली. ती इस्पितळात कान तपासण्याची यंत्रं जुळवायची, आणि दर रविवारी सकाळी ताईकडे रेकॉर्ड ऐकायला यायची, तीही वही-पेन्सिल घेऊन. भाऊजी डोळे मिटून मान डोलवायचे. ती घड्याळाकडे बघून लिहायची.

भाऊजींचा संग्रह आडवाटेच्या जॅझचा. पियानोच्या तारांत खिळे अडकवून वाजवणारे, रिकाम्या पाण्याच्या टाकीत बसून सॅक्सोफोन फुंकणारे, सूर लागला की घाबरून सोडून देणारे. ताई म्हणायची, “माझ्या हातून ताटं पडली की वेंधळेपणा, यांच्या रेकॉर्डवर पडली की कला.” मोजपट्टीला मात्र हे संगीत पहिल्या दिवसापासून आवडलं. पुढे काय होणार हे वाजवणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि तरी तो हात आखडत नाही. प्रयोगशाळेत चांगल्या दिवशी असंच वाटायचं. एका रेकॉर्डबद्दल तिनं लिहिलं होतं: ‘बाराव्या मिनिटाला ड्रमवाला काड्या खाली ठेवतो. सॅक्सोफोनवाल्याला ते कळायला चार सेकंद लागतात. त्या चार सेकंदांत तो पहिल्यांदा एकटा वाजवतो, आणि त्याला ते माहीत नसतं.’

भाऊजींनी ‘चाळायला’ म्हणून सातही वह्या मागून घेतल्या. वर्षभरानं त्यांचं पुस्तक तयार झालं: वीस रेकॉर्ड, वीस प्रकरणं, एक लेखक.

त्या रविवारी ती वहीशिवाय आली. जेवणाच्या टेबलावर छापखान्यातून आलेली शेवटची प्रुफं पसरली होती, प्रकाशक चष्मा पुसत होता, आणि दुपारी कागद परत जायचे होते. आभाराच्या पानावर तळाशी एक ओळ होती: ‘शुद्धलेखन तपासणाऱ्या माझ्या मेहुणीचे आभार.’ खाली तिचं नाव.

“भाऊजी, माझं नाव मुखपृष्ठावर हवं. तुमच्या शेजारी,” ती म्हणाली.

“ऐकलंत?” भाऊजी प्रकाशकाकडे वळले. “मोजपट्टीला शिंप्याचा मान हवाय.”

“चार सेकंद माझे आहेत. टाकीतल्या सॅक्सोफोनचं प्रकरण शब्दन् शब्द माझं आहे. तुम्ही तेव्हा घोरत होतात.”

“मी डोळे मिटून ऐकतो.”

“घोरतही ऐकता?”

प्रकाशकाला खोकला आला. भाऊजींचा चेहरा ताठ झाला. “हे बघ मेहुणीबाई, तुझं ते निरीक्षण, माझं ते चिंतन. थर्मामीटर डॉक्टरच्या पाटीवर नाव मागत नाही.”

“अगं, घरातल्या घरात कसलं तुझं-माझं,” ताई चहाचे कप ठेवत म्हणाली. “लहानपणापासून हिला वाटा मोजून लागतो.”

“ताई, तुझ्या वाट्याला कोणी हात लावला नव्हता, म्हणून तुला मोजावं लागलं नाही.”

ताईनं तिच्यापुढचा कप उचलून परत ट्रेमध्ये ठेवला.

भाऊजींनी मग गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. साक्षीदार बसलेला असला की त्यांना औदार्य सुचे. “चल. पुस्तकात एक चूक दाखव. कानाची हं, वेलांटीची नाही. एक दाखवलीस तर तुझं नाव माझ्या शेजारी. यांच्यासमोर शब्द देतो.”

एकोणीस प्रकरणं तिला पाठच होती. नववं अनोळखी निघालं. हे भाऊजींचं स्वतःचं. रेकॉर्ड एका म्हाताऱ्या क्लॅरिनेटवाल्याची, इतकी हळू, की यंत्राचा आवाज शेवटपर्यंत वाढवल्याशिवाय श्वाससुद्धा ऐकू येत नाही. भाऊजींनी नऊ पानं लिहिली होती ती क्लॅरिनेटवर नाहीच. त्याखाली अखंड चाललेल्या एका खोल गुंजनावर. ‘पृथ्वीच्या पोटातला हा षड्ज कलावंतानं कोणत्या वाद्यातून काढला, हे त्यानं कोणालाच सांगितलेलं नाही.’

तिनं ते वाक्य दोनदा वाचलं. तो षड्ज पन्नास हर्ट्झचा होता आणि भिंतीतल्या विजेतून येत होता. रेकॉर्ड फिरवण्याच्या यंत्राची अर्थिंगची तार दोन वर्षांपासून सुटलेली होती. इतर रेकॉर्डींच्या दणदणाटात ती गुणगुण बुडून जायची; या एकाच रेकॉर्डला आवाज एवढा वाढवावा लागायचा. तिनं तेव्हा सांगितलं होतं. भाऊजी म्हणाले होते, “वायरमन आहेस का तू?” सातव्या वहीत त्या तारखेला तिची एकच ओळ होती: ‘तार सुटली आहे. रेकॉर्ड ऐकता आली नाही.’ भाऊजी सगळ्या वह्या कोळून प्यायले होते, एवढी एक ओळ सोडून.

यंत्र चार पावलांवर होतं. मागचा स्क्रू बोटांनी आवळला असता, तरी षड्ज पृथ्वीच्या पोटात परत गेला असता. मग नववं प्रकरण गळालं असतं, भाऊजींची अब्रू वाचली असती, आणि तिचं नाव त्यांच्या नावाला खेटून छापलं गेलं असतं. त्यांच्या शेजारी. जन्मभर.

तिनं प्रुफं नीट जुळवली.

“एकही चूक नाही, भाऊजी.”

“बघा!” भाऊजींनी मांडीवर थाप मारली. “नववं कसं वाटलं?”

“ते फक्त तुम्हीच लिहू शकता.”

“आता कशी बोललीस!”

“मग आभारातलं माझं नावही काढा. मी हरले. हरलेल्याचा उल्लेख कशाला?” तिनं त्या ओळीवर लाल रेघ मारली, समासात ‘माझा या मजकुराशी संबंध नाही’ असं लिहिलं आणि सही करून तारीख टाकली. “तुमचीही सही द्या. छापखान्याला शंका नको.”

भाऊजींनी ऐटीत सही केली. प्रकाशक तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी विचारावं असं त्याला वाटलं असावं, पण दुपारी कागद जायचे होते.

“आणि माझ्या वह्या. सातही.”

“ने बाई ने. आता मला त्यांचं काय लोणचं घालायचंय?”

ताईनं कपाटातून गठ्ठा आणून तिच्यापुढे टाकला. तिनं तारखेवार लावून वह्या मोजल्या. सातवी उघडून ती एक ओळ जागेवर असल्याची खात्री केली आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवली.

“पुढच्या रविवारी येणार की रुसलीस?” ताईनं दारात विचारलं.

“पुस्तक निघालं की येईन,” ती म्हणाली. “लोकांचं वाचून झालं की.”