समुद्राचा फेस

सोनाराच्या घरात एक शब्द वर्ज्य होता. ओतकामाचा साचा ज्यातून कोरायचा, तो पांढरा हलका तुकडा म्हणजे माकूल नावाच्या समुद्री जीवाच्या पाठीतलं हाड. पण त्याला हाड म्हणायचं नाही, समुद्रफेन म्हणायचं. समुद्राचा फेस.

"फेस कुणाचाच नसतो," सोनाराचे म्हातारे वडील, दादा, सांगायचे. "हाड म्हटलं की ते कुणाचं, हा प्रश्न आला. मग ज्याचं असेल तो उत्तर देतो." ऐकून ऐकून सोनाराचे कान किटले होते.

एका दुपारी एक बाई चांदीची बाळी घेऊन आली. तिची लेक होडीवर गेली ती परतलीच नव्हती. या बाळीचा आकडा मोडला म्हणून पोर दुसरी एकटीच कानात घालून गेली होती.

"हिच्यासारखी अजून एक करा. तिच्या कानातली हरवली असेल, तर आल्यावर जोडी लागेल ना तिला."

पोर बुडाली असं लोक बोलतात, ते सोनाराला ठाऊक होतं. पण वाईटपणा कोण घेणार?

त्याने तुकडा मधोमध चिरला, दोन्ही बाजू घासून सपाट केल्या, मधे बाळी दाबून ठसा घेतला आणि ती बाईला परत दिली. बाळी गुळगुळीत होती, साधा ओरखडा नाही.

"हे काय असतं हो?"

"माकुलाचं हाड," सोनार ऐटीत म्हणाला. "आमचे दादा घाबरतात म्हणायला."

आतल्या खोलीतला दादांचा खोकला एकदम थांबला.

"कुणाचं हाड?" बाईने पुन्हा विचारलं.

सोनार हसला आणि त्याने चांदी ओतली. दरवेळी जळका वास यायचा. आज ओल्या दोरखंडांचा आला.

थंड केलेली नवी बाळी बाईने तळहातावर फिरवली. तिचं नख अडकलं. तिथे दोन बारीक खळगे होते, शेजारी शेजारी. सोनाराने साचा चाचपून पाहिला; आत तसं काहीच नव्हतं.

"बुडबुडा राहिला असेल. पुन्हा ओततो."

"नको. तिचे दात आहेत हे, दुधाचे. लहानपणी चावली होती तिने. ही तिच्या कानातली."

बाई रडली नाही, तेच सोनाराला सोसवेना. तिने घरून आणलेली बाळी त्याच्यापुढे सरकवली.

"हिचा आकडा तेवढा जोडून द्या. समुद्रात सोडते. एकाच कानात घालून बसलीय पोर."