उजवीकडचा रकाना

साइटच्या फाटकावर पत्र्याचा एक बोर्ड होता : 'अपघाताविना दिवस'. खाली तीन खिळे आणि खिळ्यांवर आकड्यांच्या पाट्या. रोज सकाळी आकडा बदलायचं काम मुकादम दुसऱ्या कुणाला करू देत नसे. कुणाचं बोट चिरलं, कुणाच्या डोक्यात फळी बसली, तरी आकडा आपला पुढेच. जखमी माणूस 'घरी पडला' म्हणून दोन दिवस सुट्टीवर गेला की झालं. मुकादम काही दुष्ट नव्हता हो. कामावर जीव टाकणारा माणूस. पण त्या आकड्याने त्याच्या डोक्यात घर केलं होतं, आणि चारशे जवळ आले तसं साइटवर कुणी मोठ्याने शिंकलं तरी तो दचकायचा.

तीनशे एक्क्याण्णवाव्या दिवशी कंपनीच्या सुरक्षा अधिकारी बाई आल्या. हातात फॉर्मचा गठ्ठा. वीस वाक्यं, प्रत्येकापुढे पाच रकाने; डावीकडे 'अजिबात पटत नाही', उजवीकडे 'पूर्ण पटतं'.

"नाव लिहायचं नाही. मनात आहे तेच लिहा," बाई म्हणाल्या. "भीती वाटत असेल तर तीही."

बाई चहाला गेल्या आणि मुकादमाने सगळ्यांना गोळा केलं.

"हे बघा, डोकं चालवू नका. उजवीकडच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत खुणा करायच्या आणि कामाला लागायचं. ऑफिसवाल्यांना उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय?"

माणसं हसली. फॉर्म भरून त्याच्या केबिनमधल्या खोक्यात पडले. बाई ते दुसऱ्या दिवशी नेणार होत्या.

संध्याकाळी त्याने खोकं उघडलं. सदतीस फॉर्म एकासारखे एक. अडतिसावा मात्र दुधात मिठाचा खडा. 'धोका दिसला तर मी काम थांबवू शकतो' या वाक्यापुढे खूण थेट डावीकडे. खाली कोऱ्या जागेत लिहिलं होतं : 'पाचव्या मजल्याच्या परांचीचे क्लॅम्प झिजलेत. दोनदा सांगितलं.'

नाव नव्हतं, पण अक्षर कुणाचं हे त्याला विचारायची गरज नव्हती. वडील गेल्यावर धाकट्या भावाचा हात धरून त्यानेच ते गिरवून घेतलं होतं. परांची बांधण्यात धाकट्याचा हात धरणारा साइटवर कुणी नव्हता. आणि दोनदा सांगितलं होतं हेही खरंच. एकदा साइटवर, एकदा घरी परतताना वाटेत. साइटवर सांगितलं तेव्हा मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला होता, "लहानपणी माळ्यावर चढायला रडायचा, अजून तसाच आहे बघा!" धाकटासुद्धा हसला होता.

नळ्या धरून ठेवणारे क्लॅम्प बदलायचे म्हणजे परांची उतरवायची, तीन दिवस काम बंद, आणि वर चौकशी. चारशे झाले की बदलू, असं त्याने ठरवलं. पण खरा राग वेगळाच होता : घरचा माणूस आणि परक्या बाईकडे गाऱ्हाणं? त्याने कोरा फॉर्म घेतला, उजवीकडे वीस खुणा केल्या आणि भावाचा कागद घडी करून पाकिटात घातला. फाडून टाकायला मात्र हात धजावला नाही.

साइटला शंभरात शंभर गुण मिळाले. बाईंनी फोनवर एवढंच विचारलं, "मुकादम, तुमच्याकडे कुणालाच कशाची भीती वाटत नाही?"

"आमची माणसं पक्की आहेत, बाई," तो म्हणाला.

तीनशे सत्त्याण्णवाव्या दिवशी, भर दुपारी, पाचव्या मजल्यावरचा क्लॅम्प सुटला. धाकट्याने सुरक्षेचा पट्टा बांधला होता, पण अडकवला होता त्या क्लॅम्पच्याच नळीला. नळी गेली, तिच्यामागे तो गेला. मुकादम धावत पोचला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फाटकावर शून्याची पाटी त्यानेच लावली.

तेराव्या दिवशी भावजय कंपनीचं पत्र घेऊन समोर आली.

"दादा, यात काय लिहिलंय?"

त्याने वाचलं. पाहणीत या साइटला उत्तम गुण आहेत, धोक्याची तक्रार कुणीही केलेली नाही. सबब अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला.

"निष्काळजी?" ती म्हणाली. "दाराची कडी तीनदा बघून झोपणारा माणूस तो. क्लॅम्पचं घरी मला सांगायचे. मी म्हणायचे, तुम्हीच नका ना चढू. तर म्हणायचे, दादांना सांगितलंय, दादा बघतील." ती थांबली. "तुम्हाला सांगितलं होतं ना त्यांनी?"

मुकादमाने पत्र तिच्या हातात परत दिलं. मग तो म्हणाला, "आठवत नाही." असं खोटं तो आयुष्यात बोलला नव्हता. तिने पत्राची घडी घातली आणि आत गेली. त्यानंतर ती त्याला ताट वाढी, पण दादा म्हणेनाशी झाली.

पुढच्या महिन्यात बाई पुन्हा आल्या. तेच फॉर्म, तेच खोकं. माणसं पेनं हातात धरून उभी राहिली, पण लिहीना कुणी. शेवटी बुजुर्ग गवंड्याने मान वर केली. त्याच्या विचारण्यात कसला टोमणा नव्हता. सवयच लागली होती.

"मुकादम, कुठल्या रकान्यात करायची खूण?"

मुकादमाला वाटलं, कुणीतरी मारलं असतं तर बरं झालं असतं. तो बाईंपाशी गेला. पाकीट काढलं, आणि घामाने पिवळा पडलेला घडीचा कागद उलगडून त्यांच्या हातात दिला.

"मागच्या वेळचा एक फॉर्म राहिला होता," तो म्हणाला. "माझ्या भावाचा आहे. मी दाबला."

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. "याचं काय होईल, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. फक्त याची एक प्रत काढून द्या मला."

"तुम्हाला? कशाला?"

"घरी द्यायचीय," मुकादम म्हणाला. "तिने विचारलं होतं."

मागे एकेक माणूस खाली बसला आणि फॉर्म मांडीवर घेऊन लिहू लागला. बराच वेळ कुणाचंच लिहून होईना.